घरातला संगणक आणि कचेरीतला संगणक

विषयाचे नाव ऐकून आपल्यापैकी काहीजण म्हणाले असतील, 'झालं! आता हा संगणकाचा महिमा सांगत बसणार!' पण तसा माझा विचार नाही. महिमा गाणारे पुष्कळ आहेत. मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवितो. यंत्राच्या पोटात काय चालते ते मला कळत नाही. आज मला आपल्यापुढे ठेवायची आहेत ती माझ्या एका मावसभावाची मते. मी त्यांना दादा म्हणतो. ते पुण्यास असतात आणि गेली तीस वर्षे संगणकासाठी आज्ञावली लिहिण्याचे काम करतात.

आज्ञावली म्हणजे काय, ते आधी सांगतो. शेतावर जाताना मालक गड्याला सांगून ठेवतो की, आधी बैल सोड, मग त्यांना पाणी पाज, मग वैरण टाक. कामांचा असा क्रम लावून दिला म्हणजे झाली आज्ञावली. फरक एवढाच की गड्याला स्वतःची अक्कल असते. विहीर आटली तर तो ओढ्यावर जाईल. यंत्राला तेवढीही अक्कल नसते. सांगितले तेवढेच ते करते आणि चुकीचे सांगितले तर चुकीचेही तितक्याच इमानाने करते. हे एवढे वाक्य ध्यानात ठेवा, कारण माझे सारे भाषण त्याच्याभोवती फिरणार आहे.

दादांचा आणि संगणकाचा पहिला संबंध आला तो शाळेत. १९८४-८५ साली केंद्र सरकारने शाळांतून संगणकाची ओळख करून देण्यासाठी 'क्लास' नावाची योजना सुरू केली. पहिल्या टप्प्यात देशातल्या सुमारे २५० शाळा घेतल्या होत्या आणि त्यांना यंत्रे दिली ती 'बीबीसी मायक्रो' नावाची. बीबीसी म्हणजे आपल्या आकाशवाणीसारखीच विलायतेची नभोवाणी. लोकांना संगणक शिकविण्याचे काम तिने अंगावर घेतले, केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीकडून १९८१ साली हे यंत्र तयार करविले आणि १९८२ च्या जानेवारीत दूरचित्रवाणीवर त्याचे धडे सुरू केले. शाळामास्तर आणि नभोवाणी यांनी मिळून केलेले हे काम होते, म्हणून येथे मुद्दाम सांगितले.

ते यंत्र सुरू केले की पडद्यावर काय दिसे? चित्र नाही, बटणे नाहीत, खेळ नाहीत. यंत्राचे नाव, दोनएक ओळी आणि खाली एक बाणासारखी खूण. बस्स! दादा म्हणतात, "अरे, ती खूण म्हणजे आम्हाला विचारलेला प्रश्न होता, बोल बाबा, काय करू? आणि उत्तर आमचं आम्हालाच द्यावं लागे." उत्तर द्यायचे ते 'बेसिक' नावाच्या सोप्या भाषेत. प्रत्येक ओळीला क्रमांक असे, दहा, वीस, तीस असा. मध्ये नऊ आकडे कशासाठी सोडायचे? तर मागाहून एखादी विसरलेली गोष्ट आठवली, तर ती बारा किंवा पंधरा क्रमांकाने आत बसविता यावी म्हणून. माणूस विसरणार, हे त्या भाषेने पहिल्यापासून गृहीत धरले होते. आणि आज्ञा कळली नाही, की यंत्र पडद्यावर एकच शब्द उमटवी, 'मिस्टेक'. मग चुकलेली ओळ शोधून पुन्हा लिहायची.

त्या काळी घरोघरी वापरायची अशीच छोटी यंत्रे परदेशांत निघाली होती. अमेरिकेत १९७७ साली 'ॲपल टू' आले. इंग्लंडात १९८१ साली 'झेडएक्स ८१' सत्तर पौंडांच्या आत मिळू लागले. त्याची स्मरणशक्ती इतकी तोकडी, की आजच्या साध्या मोबाइलमधले एक छायाचित्रही तीत मावणार नाही. आज्ञावली साठवायच्या त्या गाण्यांच्या साध्या कॅसेटवर, आवाजाच्या रूपाने. एक जाड सूर, एक बारीक सूर आणि त्या दोन सुरांच्या उलटसुलट जुळणीत सारा मजकूर. ऐकणाऱ्याला ती नुसती किरकिर वाटे.

आणि आता गंमत ऐका. आज्ञावली जर आवाज असेल, तर ती रेडिओवरून का पाठवू नये? हॉलंडच्या नभोवाणीने 'हॉबीस्कूप' या कार्यक्रमातून तेच केले. युगोस्लाव्हियात बेलग्रेडच्या रेडिओवरून झोरान मोडली नावाचे निवेदक श्रोत्यांना टेपरेकॉर्डर तयार ठेवायला सांगत आणि मग ती किरकिर ऐकवीत. तेथे व्होया आंतोनिच या गृहस्थांनी १९८३ साली 'गालाक्सिया' नावाच्या संगणकाचा नकाशाच मासिकात छापला होता, आणि हजारो लोकांनी तो घरी जुळविला होता. आपल्यासारखेच श्रोते, आपल्यासारखाच रेडिओ! फक्त त्या दिवशी रेडिओतून गाण्याऐवजी आज्ञावली येत होती.

हे ऐकून मी दादांना म्हटले, "दादा, तुम्ही जुन्या दिवसांची आरती ओवाळताय. किती मुलं खरोखर आज्ञावली लिहीत होती? बहुतेक खेळच खेळत असतील. आणि आपल्याकडं तर घरी संगणक म्हणजे मूठभर श्रीमंतांची चैन."

दादा हसले. म्हणाले, "खरं आहे तुझं. खेळणारेच जास्त होते. पण मला तिथं एक गोष्ट मिळाली, ती सांगतो."

त्यांच्या सरांनी त्यांना वर्गाच्या गुणांची बेरीज करणारी आज्ञावली लिहायला सांगितली. सहा विषय, एकूण सहाशे गुण. दादांनी ती लिहिली आणि ऐटीत चालविली. पहिल्या मुलाला ३७१ गुण. ठीक. दुसऱ्याला ७७३! तिसऱ्याला हजाराच्या वर! सारा वर्ग हसून लोळला. झाले होते असे, की एका मुलाची बेरीज संपल्यावर ती पुसून शून्य करायला दादा विसरले होते. डेअरीवर तुमचे दूध काट्यावर घेतले, ते ओतून न टाकता त्याच भांड्यात शेजाऱ्याचे दूध घेतले, तर शेजाऱ्याच्या नावावर तुमचेही दूध पडेल ना? तसेच.

सरांनी विचारले, "कोण चुकलं?" दादा म्हणाले, "सर, संगणक." सर म्हणाले, "त्यानं तू सांगितलंस तेच केलं. आणि आणखी एक ऐक. तुझी चूक मोठी होती म्हणून सगळे हसले. ती दोन-चार गुणांची असती, तर कोणी हसलं असतं का? ते गुण खरे म्हणून प्रगतिपुस्तकात गेले असते."

श्रोतेहो, दादांच्या साऱ्या मतांचे मूळ या दोन वाक्यांत आहे.

आता घरातून कचेरीकडे वळू. घरगुती संगणक कचेरीत शिरला तो एका हिशेबी आज्ञावलीचे बोट धरून. हार्वर्ड विद्यापीठात व्यापारशास्त्र शिकणाऱ्या डॅन ब्रिकलिन यांच्या मनात आले, की फळ्यावरच्या कोष्टकातला एक आकडा बदलला की बाकीचे सारे आकडे पुसून पुन्हा मांडावे लागतात. ते आपोआप बदलले तर? त्यांनी बॉब फ्रँक्स्टन या मित्राच्या साहाय्याने 'व्हिझिकॅल्क' तयार केले. ते १९७९ साली बाजारात आले. ते वापरता यावे म्हणून व्यापाऱ्यांनी 'ॲपल टू' विकत घेतले. दादांना ही आज्ञावली फार आवडते. का? तर ज्याचा हिशेब, त्यानेच ते कोष्टक मांडायचे. कोणत्याही आकड्यावर बोट ठेवले, की तो कोठून आला ते दिसते. दादा म्हणतात, "कचेरीत चांगलं यंत्र कोणतं? जे कारकुनाला आपलं पोट उघडून दाखवतं, ते."

वाईट यंत्र कोणते, त्याचाही एक अनुभव त्यांनी सांगितला. एका दूधसंस्थेसाठी त्यांनी आज्ञावली लिहिली होती. वर्षभराने ते तेथे गेले, तर संकलन करणारा मुलगा टेबलाखाली एक वही ठेवून होता. यंत्रात एकदा आकडा पडला की तो दुरुस्त करता येत नसे. म्हणून तो खरे आकडे वहीत लिही आणि महिनाअखेर पदरमोड करून मेळ घाली. दादा म्हणाले, "त्या वहीनं मला सांगितलं की मी नापास झालो. तेव्हापासून काम हाती घेतलं की आधी दोन दिवस कारकुनाशेजारी खुर्ची टाकून बसतो."

पदरमोड! हा शब्द मला पुढे फार टोचला, कारण विलायतेत याच पदरमोडीतून अनर्थ घडला. तेथे खेडोपाडी पोस्ट चालविणारे लोक असतात. पुष्कळदा किराणा दुकानातच पोस्टाची खिडकी असते. १९९९ पासून त्यांच्या हिशेबासाठी 'होरायझन' नावाची संगणक-यंत्रणा बसविण्यात आली. काही दिवसांनी दिवसाच्या हिशेबात तूट दिसू लागली. पोस्टमास्तर पुन्हा पुन्हा नोटा मोजीत, पण पडद्यावरचा आकडा काही जुळत नसे. करार असा, की तूट आली तर ती त्यांनी भरायची. कोणी साठविलेला पैसा भरला, कोणी घर विकले. तक्रार केली तर अनेकांना उत्तर मिळे, 'असा त्रास फक्त तुम्हालाच होतो.' आणि न्यायालयात संगणक बरोबर चालतो असे आधीच धरून चालत. चोरी आणि खोटा हिशेब यांसाठी ९०० हून अधिक लोक दोषी ठरले. २०१० साली एक स्त्री गर्भवती असताना तुरुंगात गेली.

ॲलन बेट्स नावाच्या पोस्टमास्तरांनी हार मानली नाही. त्यांच्यासह ५५५ जणांनी दावा लावला. २०१९ च्या डिसेंबरात उच्च न्यायालयाने निकाल दिला, की यंत्रणेत दोष होते आणि त्यांतून खोटी तूट दिसू शकत होती. त्या गर्भवती स्त्रीची शिक्षा २०२१ साली रद्द झाली, आणि २०२४ च्या मे महिन्यात पार्लमेंटने कायदाच करून शेकडो शिक्षा एकदम रद्द केल्या. पण वीस वर्षांत काहीजण मरून गेले. त्यांच्या गावात ते चोर म्हणूनच मेले.

दादांच्या सरांचे दुसरे वाक्य आठवा. चूक हसण्याइतकी मोठी नव्हती. ती खरी वाटण्याइतकी लहान होती.

हे सारे परदेशातले झाले. पण मला येथे स्वतःचीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. काही वर्षांपूर्वी खेड्यातून येणारी एक विद्यार्थिनी शिष्यवृत्तीच्या चौकशीसाठी माझ्याकडे आली. मी यादी पाहिली आणि म्हणालो, "संगणकात तुझं नाव नाही." ती म्हणाली, "सर, मी अर्ज भरलाय. पावती आहे." मी म्हणालो, "बाई ग, संगणकात नाही म्हणजे नाही." ती गेली. दुसऱ्या सत्रात ती वर्गात दिसली नाही. मागाहून कळले, की तिचे आडनाव एका कागदावर एका तऱ्हेने आणि दुसऱ्यावर दुसऱ्या तऱ्हेने लिहिले गेले होते. एका अक्षराचा फरक. पावती माझ्यासमोर होती आणि मी पडद्यावर विश्वास ठेवला. यंत्र चुकले असे मी कोणत्या तोंडाने म्हणू? यंत्राआड मी लपलो होतो.

म्हणून गावोगावच्या शिक्षकबंधूंना आणि भगिनींना माझे सांगणे आहे. तुमच्या शाळेत संगणक असेल आणि त्या खोलीला कुलूप असेल, तर ते उघडा. मुले मोडतील ही भीती धरू नका. मुलांना खेळू द्या, पण दहा ओळींची का होईना, एक आज्ञावली त्यांच्याकडून लिहवून घ्या. बेरजेची, पाढ्याची, गावच्या पावसाच्या सरासरीची. ती चुकू द्या. मग उत्तर पाटीवर हाताने काढायला सांगा आणि विचारा, कोण चुकले? ज्या मुलाने यंत्राला आपल्या हाताने एकदा चुकविले आहे, तो मोठेपणी यंत्रापुढे मुकाट्याने मान तुकविणार नाही. संगणक नसेल, तर अंगठा उठला नाही म्हणून धान्यावाचून परत आलेल्या आजीची गोष्ट वर्गात काढा. कष्टाने झिजलेल्या बोटांचा ठसा यंत्राला कधीकधी ओळखत नाही, हा दोष आजीच्या बोटांचा की यंत्राला अशी बोटे न दाखविणाऱ्याचा, हे मुलांना विचारा.

आणि माझ्या शेतकरी बांधवांनो, कचेरीच्या खिडकीपलीकडून कोणी म्हणाले, 'संगणकात असंच आहे', तर रागावू नका, पण घरीही परतू नका. शांतपणे एवढेच विचारा, "साहेब, हा आकडा आला कोठून, ते दाखवता का?" हातातली पावती मात्र जपून ठेवा.

त्या मुलीने मला पावती दाखविली होती. मी ती हातातही घेतली नाही. आता मात्र माझ्या टेबलापाशी कोणी कागद घेऊन आले, की मी आधी पडद्याकडे पाठ फिरवितो आणि तो कागद वाचतो.