चाव्यापूर्वीची हाक

१९९९ साली अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात, मिनेटोंका येथे, पोलिसांनी अडविलेला एक मोटारचालक गाडी सोडून पळाला. अपराध क्षुल्लक होता. समोरून वाहन येत असता त्याने दिवे मंद केले नव्हते. तो उंच गवतात दडला. माग काढीत आलेल्या कुत्र्याने त्याची मांडी धरली आणि तेथील मुख्य धमनी फुटली. सारा प्रकार दहा-पंधरा सेकंदांचा. ‘कुत्रा आणला आहे, बाहेर ये’ अशी हाक तत्पूर्वी कोणी दिली नव्हती.

पोलिसांच्या कुत्र्यांना शिकवण दोन तऱ्हांची असते. एका तऱ्हेचा कुत्रा माणूस सापडताच भुंकून त्यास जागीच खिळवितो. दुसरा चावा घेतो आणि आज्ञा होईपर्यंत सोडीत नाही. या दुसऱ्यास दरोडेखोर आणि भेदरलेला पोरगा सारखेच. वेदनेने माणूस हातपाय झाडू लागला, की तोच पुन्हा प्रतिकार समजला जातो! म्हणून विवेकाचा सारा भार पट्टा धरणाऱ्यावर येतो, आणि तो चाव्याच्या आधीच वाहावयाचा असतो.

पळत्या संशयितावर प्राणघातक बळ योजण्यापूर्वी, शक्य तेथे इशारा द्यावा, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये म्हटले. परंतु तो खटला गोळीबाराचा होता. १९८८ मध्ये एका संघीय अपील न्यायालयाने कुत्र्याचा वापर प्राणघातक बळात धरला नाही, आणि तोही अशा खटल्यात, की ज्यात नॅशव्हिल येथे मानेस चावा बसून संशयित दगावला होता. (हाक तेथे दिलेली होती, हेही सांगितले पाहिजे.) मेरीलँडमध्ये एका स्त्रीस तिच्याच घरात कुत्रा चावला, ती तर झोपलेली होती. त्या खटल्यात १९९८ मध्ये, तोंडी इशारा न देता कुत्रा सोडणे अवाजवी ठरते, असा निर्वाळा मिळाला. मिनेटोंकाच्या प्रकरणीही २००३ मध्ये अपील न्यायालयाने इशाऱ्यास आणि शरण येण्याच्या संधीस महत्त्व दिले.

हाक दिली तर अंधारात लपलेल्या सशस्त्र माणसास पोलिसाचा ठावठिकाणा कळतो, हा आक्षेप पोकळ नव्हे. मात्र शस्त्राचा संशय घेण्यास त्या प्रसंगी काही आधार असावयास हवा. मंद न केलेले दिवे हा तो आधार नव्हे. शिवाय हाक कानी पडून भागत नाही, ती उमजावी लागते. स्पॅनिश बोलणाऱ्यांची वस्ती असलेल्या भागांत काही पोलीस दले ती त्या भाषेतही देतात, आणि मग काही काळ थांबतात.