नर्मदेखालचे जड खडक

२२ मे १९९७ च्या पहाटे जबलपूरला हादरवणाऱ्या ५.८ परिमाणाच्या भूकंपाचे नाभिकेंद्र सुमारे ३५ किलोमीटर खोल, भूकवचाच्या तळाजवळ होते. किल्लारीचा १९९३ चा भूकंप त्यामानाने उथळच. एवढ्या खोलीवर खडक सहसा उष्णतेने मऊ पडतात. मग येथे ते तुटले कसे? तिथवर कोणतीही विंधनविहीर पोहोचत नाही. पण गुरुत्वमापकाला जडपणा जाणवतो. नर्मदा-सोन पट्ट्यात गुरुत्वाकर्षण शेजारच्या प्रदेशाहून किंचित अधिक भरते. ही गुरुत्व विसंगती मिलिगॅलमध्ये, म्हणजे गुरुत्वत्वरणाच्या सुमारे दशलक्षांशात, मोजतात! प्रावरणातून वर आलेले घन, कणखर खडक कवचाच्या तळाशी असावेत, असे त्यावरून अनुमान निघते. असे खडक ताण साठवू शकतात. मात्र उथळ आणि खोल वस्तुमान सारखीच विसंगती दाखवू शकते; म्हणून भूकंपलहरींची साक्षही घ्यावी लागते.