पावनखिंडीची वाट

स्मारक हा शब्द उच्चारला म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें बहुधा एक चौथरा, त्यावर एक पुतळा आणि भोंवतीं लोखंडी कुंपण असें चित्र उभें राहतें. शहरांतल्या चौकांत अशा स्मारकावरून आपण दिवसांतून दोनदां जातों, आणि दोन्ही वेळां आपलें लक्ष घड्याळाकडे असतें. आज मी ज्या स्मारकाविषयीं बोलणार आहें त्याची तऱ्हा निराळी आहे. तेथें पोंचण्यास भर पावसाळ्यांत दोन दिवस चालावें लागतें. हें स्मारक म्हणजे पावनखिंड. पन्हाळगडापासून त्या खिंडीपर्यंतची डोंगरवाट सुमारे ५० किलोमीटरांची आहे, आणि माझें आजचें सांगणें एवढेंच कीं, ती वाट हाच त्या स्मारकाचा मोठा भाग आहे.

दरवर्षीं जुलै महिना आला कीं कोल्हापुरांतील आणि इतर गांवांतील गिर्यारोहण-संस्था ही पदयात्रा योजतात. तींत शाळा-कॉलेजांतलीं मुलें असतात, कारकून, शिक्षक, डॉक्टर असतात, निवृत्त गृहस्थ असतात, आणि स्त्रियाहि मोठ्या उत्साहानें येतात. मंडळी सकाळीं पन्हाळ्यावर बाजी प्रभूंच्या पुतळ्यापाशीं जमतात, राजदिंडीच्या वाटेनें गड उतरतात, तुरुकवाडी आणि म्हाळुंगे हीं गांवें मागें टाकून मसाई पठारावर चढतात, आणि पुढें कुंभारवाडी, खोतवाडी करीत सायंकाळीं करपेवाडीच्या आसपास मुक्काम करतात. दुसऱ्या दिवशीं पांढरेपाण्यावरून खिंड गांठावयाची. कांहीं निश्चयी मंडळी तेथून गजापुरावरून विशाळगडापर्यंत चालत जातात. बाकीचीं खिंडींतून मोटारीनें परततात.

या वाटेचा इतिहास आपण सर्वांनीं लहानपणीं ऐकलेला आहे. तरी त्याचा धागा एकदां हातीं घेऊं. १० नोव्हेंबर १६५९ रोजीं अफझलखान मारला गेला, आणि त्यानंतर अवघ्या १८ दिवसांनीं पन्हाळा शिवाजी महाराजांच्या हातीं आला. विजापूरच्या दरबारानें सिद्दी जौहर या कर्तबगार सरदारास सलाबतखान ही पदवी देऊन त्यांच्यावर धाडलें. मार्च १६६० मध्यें पन्हाळ्यास वेढा पडला. राजापूरच्या इंग्रज वखारीचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन हाहि तोफा आणि दारूगोळा घेऊन सिद्दीच्या साह्यास आला. पावसाळा लागला म्हणजे वेढा सैल पडेल, ही सर्वसाधारण अटकळ. ती सिद्दीनें खोटी ठरविली. चार महिने लोटले, आणि १२ जुलै १६६० च्या रात्रीं महाराज निवडक लोकांसह गडाबाहेर पडले. हे लोक ६०० होते असें परंपरा सांगते.

आतां या तारखेविषयीं एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. शिवकालाच्या ज्या इंग्रजी तारखा आपण वापरतों त्या जुन्या ज्युलियन गणनेच्या आहेत. आजच्या गणनेनें तो दिवस १० दिवस पुढें, म्हणजे २२ जुलैला येतो. तिथि पाहिली तर ती आषाढी पौर्णिमा. वेढ्यांतून निसटूं पाहणारास पौर्णिमेइतकी गैरसोयीची रात्र दुसरी कोणती असणार? परंतु आषाढांत सह्याद्रीच्या माथ्यावर चंद्राचें राज्य नसतें, ढगांचें असतें. ज्या पावसामुळें आपण आपल्या घरीं खिडक्या लावून घेतों, त्या पावसाच्याच आडोशानें हीं माणसें शत्रूच्या चौक्यांमधून पार झालीं.

‘सहाशें मावळे पालखी घेऊन रातोरात निघून गेले’ हें वाक्य पुस्तकांत एका श्वासांत संपतें. मसाई पठाराच्या चढणीवर मात्र श्वास आधीं संपतो आणि वाक्य उरतें. जांभ्या दगडाचें हें पठार फार विस्तीर्ण आहे. पावसाळ्यांत त्यावर पाणी सांचतें, गवतांतून बारीक रानफुलें वर येतात, आणि धुकें उतरलें म्हणजे पुढच्या माणसाच्या पाठीपलीकडे कांहीं दिसत नाहीं. वाटाड्ये शिट्ट्या वाजवून तुकडी एकत्र राखतात. पायांत चांगले बूट, पाठीवर हलकी पिशवी आणि डोक्यावर दिवसाचा उजेड असतांनाहि आमच्यांतले बरेच जण निसरड्यावर बसते झाले. एकदां मीं सहज पन्हाळ्याच्या दिशेनें मागें वळून पाहिलें, तों गड धुक्यांत गडप झालेला. त्या वेळीं मनांत विचार आला तो घोड्यावरच्या वीरांचा नव्हता; पालखीच्या दांडीखालीं खांदा दिलेल्या माणसांचा होता. त्यांना हात मोकळे नव्हते, उजेड नव्हता, आणि थांबण्याची मुभा नव्हती. आम्हीं जें अंतर दोन दिवसांत तोडलें, तें त्यांनीं एका रात्रींत आणि दुसऱ्या दिवसाच्या कांहीं प्रहरांत तोडलें. त्यांतल्या एकाचेंहि नांव आपणांस पाठ नाहीं.

पालखीचा विषय निघाला म्हणजे शिवा काशीद याचें स्मरण होतेंच. पन्हाळ्याच्या पायथ्याच्या नेबापूर गांवचा हा नाभिक. चेहऱ्यानें महाराजांसारखा दिसे म्हणून दुसऱ्या पालखींत बसून तो जाणूनबुजून शत्रूच्या हातीं सांपडला आणि प्राणास मुकला, अशी परंपरा आहे. त्याच्या त्या कांहीं घटकांवर पुढचा सगळा प्रवास उभा होता. पन्हाळ्यावर बाजी प्रभूंच्या पुतळ्याप्रमाणें त्याचाहि पुतळा आहे. यात्रेकरूंनीं निघण्यापूर्वीं दोहोंनाहि वंदन करावें; कारण एकानें वाटेच्या आरंभीं जें दिलें तेंच दुसऱ्यानें वाटेच्या अखेरीस दिलें.

श्रोतेहो, या वाटेवर इतिहासाइतकीच वर्तमानाची भेट होते. वाटेवरच्या वाड्या लहान आहेत. घरें कौलारू, अंगणांत चिखल, ओसरीवर वाळत घातलेलीं इरलीं. मुक्कामाच्या रात्रीं शंभर-दोनशें ओलींचिंब माणसें अशा वाडीवर येऊन आदळतात. घरचीं माणसें एका खोलींत सरकून आपली माजघरें पाहुण्यांना देतात, चूल रात्रभर पेटती राहते आणि भाकऱ्या थापल्या जातात. संस्था त्याचें मोल देतात, हें योग्यच आहे. परंतु मोल दिल्यानें सगळें फिटतें असें नाहीं. हेच दिवस भातलावणीचे. एका बांधावर एक म्हातारी डोक्यावर इरलें घेऊन उभी होती. आमची रांग पाहून ती हांक मारून म्हणाली, “जावा की बाळांनो, पर बांधावरनं जावा, तरव्यांत पाय देऊ नगासा!” तिच्या स्वरांत राग नव्हता. वर्षाच्या अन्नाची काळजी मात्र होती. हजार पावलांत एखादें पाऊल बांधाखालीं घसरलें तर चालणाराच्या ध्यानांतहि राहत नाहीं. तें रोप ज्याचें त्याच्या मात्र राहतें.

दुसऱ्या दिवशीं आपण खिंडींत पोंचतों. तिचें मूळचें नांव घोडखिंड. दोन्ही बाजूंस कडे, मधून कासारी नदीच्या उगमाकडचा ओहोळ, आणि उतरावयास अरुंद वाट. आतां तेथें पायऱ्या आणि लोखंडी शिडी आहे. मोजक्या माणसांनीं मोठी फौज अडविण्यास ही जागा कां निवडली, हें समजावून सांगण्यास तेथें व्याख्यात्याची गरज पडत नाहीं. सिद्दी मसूद पाठलागावर होता. बाजी प्रभु देशपांडे सुमारे ३०० लोकांनिशीं येथें उभे राहिले. महाराज विशाळगडाकडे गेले. गडावरून तोफेचा इशारा होईपर्यंत खिंड लढत राहिली, आणि बाजी प्रभु पडले. ही कथा आपण एका वीराची म्हणून सांगतों. पण त्यांच्या बरोबरचे लोक कोण? ते मुख्यतः हिरडस मावळांतील बांदलांचे लोक, आणि बाजी हे त्या बांदलांचेच देशपांडे. त्या काळच्या माणसांना याची जाणीव आपल्यापेक्षां अधिक होती. दरबारांतील मानाचें पहिलें पान जेध्यांचें असे. या लढाईनंतर तें बांदलांना देण्यांत आलें. एका पुरुषाचा गौरव करून ते थांबले नाहींत, सगळ्या तुकडीचा मान त्यांनीं मानला.

आणखी एक गोष्ट सांगावयास हवी. महाराज विशाळगडापाशीं पोंचले तेव्हां त्या गडासहि वेढा पडलेला होता, आणि तो घालणारे होते जसवंतराव दळवी व सूर्यराव सुर्वे हे विजापूरच्या पक्षाचे मराठे सरदार. उलटपक्षीं, पन्हाळ्याचा वेढा फोडण्यासाठीं बाहेरून जें मराठ्यांचें सैन्य चालून आलें त्यांत नेताजी पालकरांच्या जोडीला सिद्दी हिलाल होता, आणि त्याचा तरुण मुलगा त्या लढाईंत घायाळ होऊन शत्रूच्या हातीं पडला. म्हणजे ही लढाई कोणत्या बाजूनें कोण लढलें, हें केवळ नांवांवरून ओळखूं म्हणणाराची फसगत व्हावयाची.

हें मी मुद्दाम सांगत आहें. खिंडीच्या पुढचें गांव गजापूर. १४ जुलै २०२४ रोजीं विशाळगडावरील अतिक्रमणाच्या वादांतून आलेल्या जमावानें या गांवांतील मुसलमान रहिवाशांच्या घरांची, वाहनांची आणि मशिदीची मोडतोड केली. डोंगर तेच, पाऊस तोच, महिनाहि तोच. तेव्हां पदयात्रा आणि जमाव यांत अंतर कोणतें, हा प्रश्न या वाटेनें जाणाऱ्या प्रत्येकानें स्वतःस विचारावयास हवा. माझ्या मतें तें अंतर त्या म्हातारीच्या शब्दांत आहे. जो पायाखालीं काय आहे तें पाहून चालतो तो यात्रेकरू. ज्याला पायाखालचें रोप दिसत नाहीं, त्यानें ओठांवर कोणाचेंहि नांव घेतलें तरी तो त्या सहाशें माणसांच्या मागून चालत आहे असें म्हणतां यावयाचें नाहीं.

जुलै २०२५ मध्यें युनेस्कोनें मराठ्यांच्या १२ किल्ल्यांस जागतिक वारशाच्या यादींत स्थान दिलें. त्यांत पन्हाळा आहे, ही आनंदाची गोष्ट होय. विशाळगड त्या यादींत नाहीं, आणि दोन गडांना जोडणारी ही पायवाटहि नाहीं. गडाला तट असतो, दरवाजा असतो, त्यावर फलक लावतां येतो. पायवाटेला यांतलें कांहींच नसतें. लोक चालले तरच ती राहते, आणि लोक बेफिकिरीनें चालले तर तीच मोडते. येथें प्लास्टिकच्या बाटल्या व कागद टाकून येणें म्हणजे स्मारकाच्या चौथऱ्यावर केर टाकणेंच होय.

ज्यांना जाण्याची इच्छा आहे त्यांना चार व्यावहारिक सूचना देतों. एकटेदुकटे जाऊं नका. वाट माहीत असलेल्या संस्थेबरोबर जा, कारण धुक्यांत पठारावर दिशा चुकणें सोपें असतें. आधीं महिनाभर रोज चालण्याचा सराव ठेवा. बूट नवे घालूं नका, वापरांतले घाला. कोरड्या कपड्यांचा एक जोड मेणकापडांत किंवा प्लास्टिकमध्यें घट्ट बांधून न्या. बांध सोडूं नका. ज्या घरीं रात्र काढाल तेथून निघतांना त्या घरच्या माणसांचीं नांवें विचारून घ्या. पालखीच्या भोयांचीं नांवें विचारण्याची वेळ आपली टळून गेली आहे, यांची टळलेली नाहीं.

या साऱ्या पराक्रमानंतर त्याच वर्षीं तहानें पन्हाळा विजापूरकरांच्या हवालीं करावा लागला, आणि तो पुन्हां स्वराज्यांत आला तो १६७३ सालीं. ज्या गडासाठीं चार महिने झुंज दिली तो सोडून देण्यांत महाराजांना कमीपणा वाटला नाहीं. गड पुन्हां घेतां येतो, माणसें पुन्हां आणतां येत नाहींत, हा हिशेब त्या वाटेवर रक्तानें मांडला गेला होता. तो हिशेब घरीं बसूनहि समजतो. परंतु पन्नास किलोमीटर चिखल तुडविल्यावर तो जसा समजतो तसा एरवीं समजत नाहीं. येत्या आषाढांत आपल्यापैकीं कांहीं जण तरी त्या वाटेला लागोत, अशी इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतों.