फाइल उघडताना आणि उघडल्यावर

इथे बसलेल्या बहुतेकांच्या खिशात अँड्रॉइडचा फोन असेल. त्याच्या तळाशी लिनक्सचा कर्नल आहे आणि त्या कर्नलमध्ये एसईलिनक्स नावाचा पहारेकरी आहे. २०१४ सालच्या अँड्रॉइड ५ पासून त्याचा पहारा फोनमधल्या प्रत्येक प्रोसेसवर आहे. कुणी फाइल मागितली की हा पहारेकरी नेमका कधी आणि किती वेळा विचारपूस करतो, एवढ्या एकाच प्रश्नाविषयी मी आज बोलणार आहे.

युनिक्सची जुनी पद्धत मालकाच्या मर्जीची. मालक, गट आणि इतर अशा तिघांना वाचणं, लिहिणं, चालवणं यांच्या मिळून नऊ परवानग्या. मालकाने ठरवलं तर फाइल साऱ्या गावाला खुली. त्याहून मोठी अडचण अशी, की मालकाच्या नावावर चालणारा प्रत्येक प्रोग्राम मालकाइतकाच समर्थ होतो. ब्राउझरमध्ये कुणी शिरकाव केला, तर तुमच्या खाजगी किल्ल्यांची फाइलही त्याच्या हाती.

डिसेंबर २००० मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने, म्हणजे एनएसएने, एसईलिनक्स सर्वांसाठी खुलं केलं. २००१ मध्ये कर्नल बांधणाऱ्यांच्या बैठकीत ते मांडलं गेलं, तेव्हा लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी ते एकटंच आत घ्यायला नकार दिला. कुठलीही सुरक्षापद्धत बसवता येईल अशी सामायिक चौकट करा, असा त्यांचा आग्रह. त्यातून ‘लिनक्स सिक्युरिटी मॉड्यूल्स’ उभी राहिली आणि डिसेंबर २००३ च्या २.६ आवृत्तीबरोबर सगळ्यांकडे पोचली. हा नकार मला फार मोलाचा वाटतो. पुढे स्मॅक, ॲपआर्मर, लँडलॉक अशी वेगवेगळ्या विचारांची मॉड्यूल्स याच चौकटीत आली.

बँकेचा लॉकर आठवा. तुमची किल्ली आणि बँकेची किल्ली, दोन्ही लागल्याशिवाय तो उघडत नाही. इथेही तसंच. आधी त्या नऊ परवानग्या बघितल्या जातात. तिथे नकार मिळाला, तर मॉड्यूलपर्यंत प्रश्न जातच नाही. तिथे होकार मिळाला, तरी मॉड्यूल अडवू शकतं.

ही विचारपूस कर्नलच्या पोटात होते, वेशीवर नाही. वेशीवर हातात असतं ते फक्त फाइलचं नाव. ते तपासून झालं आणि फाइल उघडायची आहे, एवढ्या निमिषात दुसरा प्रोग्राम त्या नावाखाली वेगळीच फाइल आणून ठेवू शकतो. म्हणून कर्नल आधी वाटेतली एकेक डिरेक्टरी ओलांडत खरी फाइल शोधतो आणि तिला समोर धरून मॉड्यूलला विचारतो. एसईलिनक्स फाइलला चिकटवलेलं लेबल बघतं. नाव बदललं तरी लेबल तेच राहतं. ॲपआर्मरचे नियम मात्र पत्त्यावर लिहिलेले. पासवर्डची नवी फाइल लिहून ती जुनीच्या जागी सरकवली, तर ॲपआर्मरचा नियम आपोआप लागू होतो, एसईलिनक्सला मात्र नव्या फाइलवर योग्य लेबल लागेल याची काळजी घ्यावी लागते.

एकदा फाइल उघडली की संपलं का? नाही. प्रत्येक वाचन-लेखनाच्या वेळी कर्नल पुन्हा मॉड्यूलकडे येतो. दर वेळी सगळे नियम चाळायचे तर यंत्र रखडेल. म्हणून एसईलिनक्स उघडतानाच तीन गोष्टी टिपून ठेवतं: उघडणाऱ्या प्रोसेसचं लेबल, फाइलचं लेबल आणि नियमावलीचा क्रमांक. तिन्ही जशाच्या तशा असतील तर लगेच वाट मोकळी. एक जरी बदलली तरी नव्याने तपासणी. एका प्रोसेसने उघडी फाइल दुसरीच्या हाती दिली, तर घेणारीचीही वेगळी विचारपूस होते. ही रचना मी पहिल्यांदा वाचली तेव्हा कितीतरी वेळ तिथेच थांबलो होतो.

पण या पहाऱ्यालाही हद्द आहे. फाइल थेट मेमरीत जोडून घेता येते. त्यानंतरचं वाचन प्रोसेसर परस्पर करतो, मॉड्यूलला हाक जातच नाही. त्यामुळे जोडताना होईल तीच तपासणी. नंतर नियम कडक केले, लेबल बदललं, तरी आधी जोडलेली पानं त्या प्रोसेसच्या हाती तशीच राहतात. ती खात्रीने काढून घ्यायची, तर प्रोसेसच थांबवावी लागते.