दोष दाखविणाऱ्यांची परिषद
(भाषणाचा मजकूर)



परिषद म्हटली की व्यासपीठ, उद्घाटक आणि हारतुरे यांचे चित्र डोळ्यांसमोर उभे राहते. अमेरिकेतील लास वेगास येथे भरणाऱ्या ‘डेफ कॉन’ या संगणक-सुरक्षा परिषदेस प्रथमच जाणाऱ्याचा हा समज प्रवेशद्वारातच दूर होतो. जेफ मॉस या तरुणाने १९९३ साली मित्रमंडळींचा मेळावा म्हणून ती सुरू केली. आज तेथे हजारो लोक जमतात. रोख रक्कम भरली की गळ्यात अडकविण्याचा बिल्ला मिळतो; नाव वा हुद्दा कोणी विचारीत नाही. रांग मोठी असते. पण नवागताच्या पहिल्या ओळखी त्या रांगेतच होतात. दररोज किमान तीन तास झोप, दोन वेळचे जेवण आणि एकदा स्नान चुकवू नये, असा प्रेमळ सल्ला जुनी मंडळी त्याला देतात.

व्याख्याने होतातच, परंतु परिषदेचा खरा प्राण ‘व्हिलेज’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दालनांत असतो. एका दालनात किल्लीवाचून कुलूप उघडण्याची विद्या शिकविली जाते. कुलूप चोराला केवळ विलंब लावते, हे नवागताला तेथे स्वतःच्या हातांनी कळते. अन्यत्र एका मोठ्या पडद्यावर, असुरक्षित जाळ्यावरून आपला सांकेतिक शब्द पाठविणाऱ्यांची यादी झळकते. शब्दाचा काही भाग झाकलेला असतो. उद्देश फजितीचा नसून सावधगिरीचा असतो.

या खटाटोपाचे लोकोपयोगी फळ २०१७ साली दिसले. त्या वर्षी परिषदेत अमेरिकेतील मतदान यंत्रे तपासणीसाठी खुली ठेवण्यात आली आणि काही तासांतच त्यांतील उणिवा उघड झाल्या. त्यानंतर व्हर्जिनिया राज्याने रागावून न जाता आपल्या यंत्रांची तपासणी करविली आणि कागदी नोंद न ठेवणारी स्पर्श-पडद्याची यंत्रे त्याच सप्टेंबरमध्ये, निवडणूक दोन महिन्यांवर आली असताना, वापरातून काढून टाकली.

अर्थात, तपासणीसाठी मुद्दाम ठेवलेले यंत्र उघडणे निराळे आणि परवानगीवाचून दुसऱ्याच्या संगणकात शिरणे निराळे. असे शिरणाऱ्यावर आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० अन्वये कारवाई होऊ शकते. दोष आढळल्यास तो कळविण्यासाठी केंद्र शासनाची ‘सर्ट-इन’ ही संस्था २००४ पासून कार्यरत आहे. याच विषयावरील ‘नलकॉन’ ही परिषद २०१० साली गोव्यात सुरू झाली. तेव्हा हा विचार आपल्या शेजारीही रुजला आहे.

आज दाखले, शिष्यवृत्त्या आणि करवसुली यांच्या नोंदी संगणकावर आहेत. कार्यालयाचा सांकेतिक शब्द भिंतीवर चिकटविलेला आहे, असे एखाद्या विद्यार्थ्याने वा ग्रामस्थाने निदर्शनास आणले, तर त्याला दटावून परत पाठवू नये. प्रथम तो शब्द बदलावा, मग त्या व्यक्तीचे आभार मानावेत. लोकांचा कारभार सांभाळणाऱ्यांनी या परिषदेपासून एवढे घेतले तरी पुष्कळ आहे.