मातीच्या धरणाची राखण

मृगाचा पहिला पाऊस पडला की गावाचे सारे लक्ष शेताकडे लागते. पेरणीची घाई असते, बैलांना व माणसांना उसंत नसते. अशा वेळी गावाच्या वरच्या अंगाला, दोन टेकड्यांच्या मध्ये घातलेल्या मातीच्या बांधामागे पाणी बोटाबोटाने चढत असते, तिकडे पाहण्यास कोणास सवड होत नाही. तळे काठोकाठ भरले म्हणजे मात्र सगळा गाव तेथे लोटतो. पाण्याची ओटी भरली जाते, नारळ फुटतो, वर्षाची चिंता मिटली असे म्हणत मंडळी घरी परततात. ज्या बांधाने हे पाणी धरून ठेवले, त्याची प्रकृती कशी आहे याची विचारपूस त्या आनंदात क्वचितच होते.

मोठ्या धरणावर अभियंते असतात, नोंदी ठेवणारी कचेरी असते, रात्रीचा पहारा असतो. लहान धरणाच्या वाट्याला यांपैकी बहुधा काहीच येत नाही. ते लहान म्हणून त्यापासून धोकाही लहान, अशी एक सोयीची समजूत रूढ झाली आहे. परंतु एक घनमीटर पाण्याचे वजन एक टन भरते. एका हेक्टर क्षेत्रावर सरासरी तीन मीटर पाणी साठले तरी ते 30 हजार टन झाले. बांधाच्या पायथ्यापासून हाकेच्या अंतरावर एखादी वाडी वसलेली असेल, तर तिचा घास घेण्यास एवढे पाणी पुरेसे होते.

मातीचे धरण म्हणजे मातीचा नुसता ढीग नव्हे. त्याच्या पोटात पाणी सहजी न झिरपणाऱ्या चिकण मातीचा गाभा असतो. गाभ्याच्या दोन्ही अंगांना मुरमाचा भराव असतो. पाण्याकडच्या उतारावर लाटांचा मारा सोसण्यासाठी दगड बसवलेले असतात, आणि कोरड्या बाजूच्या पायथ्याशी वाळू, खडी व दगड यांची गाळणी केलेली असते. पावसाचे जास्त पाणी निघून जावे म्हणून एका कडेला सांडवा ठेवलेला असतो. ही सर्व अंगे धडधाकट असली तर असे धरण पिढ्यान्‌पिढ्या टिकते. हैदराबादचे हुसेनसागर सोळाव्या शतकातले आहे आणि त्याचा बांध आजही उभा आहे.

मातीच्या धरणाचा घात मुख्यतः दोन मार्गांनी होतो. पहिला मार्ग माथ्यावरून जातो. सांडवा अपुरा पडला की पाणी बांधावरून वाहू लागते आणि कोरड्या बाजूची माती पाहता पाहता खरवडून नेते. हा अपघात पुष्कळदा माणूस आपल्या हाताने ओढवून घेतो. हातभर पाणी अधिक मिळावे म्हणून सांडव्यावर वाळूची पोती रचली जातात, त्याच्या वाटेत कोणी शेत काढतो, कोणी माती टाकतो, झुडपे माजतात. सांडवा वर्षानुवर्षे कोरडा दिसतो, म्हणून ती जागा वाया गेलेली वाटते. परंतु ज्या एका रात्री त्याची गरज लागते, त्या रात्री तो मोकळा असावा लागतो.

दुसरा मार्ग बांधाच्या पोटातून जातो आणि तो अधिक फसवा आहे. कोरड्या बाजूच्या पायथ्याशी थोडेसे पाणी पाझरणे हा दोष नव्हे. प्रत्येक मातीचे धरण थोडेफार पाझरतेच. ते पाणी कसे आहे, हा खरा प्रश्न आहे. ते निर्मळ असेल व त्याचे मान स्थिर असेल, तर चिंतेचे कारण नाही. तेच पाणी गढूळ येऊ लागले, तर बांधाची माती बाहेर पडू लागली असे समजावे. अशा वेळी पोटात एक बारीक नळी पडते, आणि ती पायथ्याकडून पाण्याच्या दिशेने मागे मागे सरकत जाते. कित्येक महिने हे काम गुपचूप चालते. नळी तळ्याला भिडल्यावर मात्र बांध कोसळण्यास फार वेळ लागत नाही.

रत्नागिरी जिल्ह्यातील चिपळूण तालुक्यात असलेले तिवरे येथील धरण 2 जुलै 2019 च्या रात्री फुटले. खालची भेंदवाडी त्या लोंढ्यात सापडली आणि वीसहून अधिक माणसे वाहून गेली. धरणास गळती असल्याच्या तक्रारी ग्रामस्थांनी आधीच केल्या होत्या. दुर्घटनेनंतर खेकड्यांनी धरण पोखरल्याचे विधान राज्याच्या एका मंत्र्यांनी केले व ते फार गाजले. खेकडे, घुशी, उंदीर बांधात बिळे करतात हे खरेच आहे, आणि म्हणूनच ती बिळे वेळेवर शोधून बुजवणारा माणूस नेमावा लागतो. बीळ हे कारण ठरत असेल, तर ते कोणी पाहिले नाही हे त्याहून मोठे कारण ठरते.

लहान तळी एकामागून एक फुटली म्हणजे काय होते, हे हैदराबादने 28 सप्टेंबर 1908 रोजी अनुभवले. मुसी नदीच्या त्या महापुरात वरच्या खोऱ्यातील दोनशेहून अधिक तलाव फुटले. वरच्या तळ्याचे पाणी खालच्या तळ्यावर आदळले, दोहोंचे मिळून तिसऱ्यावर, आणि अखेरीस ते सारे शहरावर कोसळले. हजारो लोक प्राणास मुकले. पुढे मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्या सल्ल्याने पूरनियंत्रणाची योजना झाली आणि उस्मानसागर व हिमायतसागर हे जलाशय बांधले गेले. एका गावाने आपल्या बांधाकडे पाठ फिरवली तर त्याचे मोल खालच्या गावांना मोजावे लागते, हा त्या पुराचा धडा होय.

वेळीच हालचाल झाली तर काय साधते, याचे उदाहरण इंदूरपासून फार दूर नाही. धार जिल्ह्यात कारम नदीवर बांधकाम चालू असलेले मातीचे धरण ऑगस्ट 2022 मध्ये पाणी साठताच गळू लागले. धार व खरगोन जिल्ह्यांतील 18 गावे रिकामी करण्यात आली. यंत्रे लावून कडेने चर खोदण्यात आला आणि साठलेल्या पाण्याला वाट करून देण्यात आली. 14 ऑगस्ट रोजी पाण्याचा मोठा लोंढा त्या वाटेने बाहेर पडला. धरण हातचे गेले, परंतु माणसे वाचली. नव्या धरणाचा पहिला भराव हा त्याच्या आयुष्यातील अत्यंत कसोटीचा काळ असतो, हेही या प्रसंगाने पुन्हा दाखवून दिले.

लहान धरणाच्या राखणीस मोठे भांडवल लागत नाही, नियम लागतो. उन्हाळ्यात, वळवाच्या सरींपूर्वी, बांधावरील झुडपे काढावीत. झाडे वाढू देऊ नयेत, कारण झाड मेल्यावर त्याची मुळे कुजून पाण्याला आयता मार्ग मिळतो. उन्हाने पडलेल्या भेगा व जनावरांची बिळे चोपून भरावीत, माथ्याचे खळगे सपाट करावेत, सांडवा साफ करावा, मोरीचे दार उघडून व मिटून पाहावे. पावसाळ्यात एका ठरावीक माणसाने रोज, आणि झडीच्या दिवसांत सकाळ-संध्याकाळ, पायथ्याने चालत जावे. पाझराचे पाणी काचेच्या पेल्यात घेऊन घटकाभर ठेवावे. तळाशी गाळ बसला तर ती धोक्याची सूचना होय. एक घागर भरण्यास किती वेळ लागतो, हे तळ्यातील पाण्याच्या पातळीसह वहीत टिपावे. कालच्यापेक्षा आज घागर लवकर भरली, तर त्याचा अर्थ निरक्षर माणसालाही कळतो.

गढूळ पाणी दिसताच चिखलाने तोंड बुजवण्याचा मोह होतो. तो घातक आहे. एक तोंड बंद केले तर पाणी दुसरीकडून फुटते. त्या जागी आधी जाड वाळू, तिच्यावर खडी व वर दगड असे थर टाकावेत, म्हणजे पाणी निघते व माती आत राहते. मोरी उघडून तळे उतरवावे, मात्र फार झपाट्याने नव्हे. पातळी एकदम खाली गेली तर पाण्याकडचा ओला उतार घसरतो. आणि हे सर्व करीत असताना खालच्या वस्तीस निरोप धाडण्यास क्षणाचाही विलंब लावू नये.

धरण सुरक्षा अधिनियम 2021 साली संमत झाला आणि त्याच वर्षीच्या 30 डिसेंबरपासून अमलात आला. पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर धरणाची तपासणी व्हावी, असे बंधन त्याने घातले आहे. परंतु हा कायदा 15 मीटरांहून उंच धरणांना, आणि 10 ते 15 मीटर उंचीच्या धरणांपैकी काही अटींत बसणाऱ्यांना लागू होतो. गावोगावचे असंख्य पाझर तलाव व लहान बांध त्याच्या कक्षेबाहेरच राहतात. त्यांची मालकी कागदावर एका खात्याकडे, दुरुस्ती दुसऱ्याकडे आणि पाणी तिसऱ्याच्या शेतात, अशी स्थिती अनेक ठिकाणी आढळते. जबाबदारी अशी वाटली गेली म्हणजे ती कोणाचीच उरत नाही. म्हणून ग्रामसभेने आपल्या बांधासाठी एक राखणदार नेमावा, त्याला मानधन द्यावे, त्याची वही दर महिन्याला वाचावी, आणि त्याने रात्री हाक दिली तर कोणी कोठे जायचे हे पावसाळ्याआधीच ठरवावे.

मातीचे धरण फुटण्यापूर्वी पुष्कळदा भेगेतून, ओलीतून, गढूळ धारेतून सूचना देत असते. ती भाषा शिकण्यास फार विद्या लागत नाही. रोज बांधावर जाणारे दोन पाय आणि पाहणारे दोन डोळे लागतात. यंदा तळे भरेल तेव्हा गावाने ओटी भरावी, नारळ फोडावा. परंतु परतताना बांधाच्या पायथ्याने यावे, आणि तेथे पाझरणारे पाणी निर्मळ आहे ना, एवढे पाहून मगच निश्चिंत मनाने घरी जावे.