एक चूल, एक भांडें

(महोत्सवी सप्ताहांत धर्मग्रामांतील कुटुंबांच्या मेळाव्यापुढें केलेलें भाषण)



या सप्ताहांत भक्ति, शिक्षण व सेवा या विषयांवर विद्वान् वक्त्यांचीं व्याख्यानें आपण ऐकलीं. आज आम्हांस आपणांबरोबर स्वयंपाकघरांत यावयाचें आहे. धर्मगुरूनें डुकराच्या मांसाच्या स्वयंपाकावर बोलावें, हें ऐकून पाठीमागच्या बाकांवर कोणी हंसत आहेत, तें आम्हांस येथून दिसतें. त्यांनीं खुशाल हंसावें, पण ऐकावेंहि. जो प्रभु काना येथील लग्नाच्या पंक्तीस बसला, जक्कयाच्या घरीं उतरला व आपल्या शिष्यांचा निरोपहि ज्यानें भोजनाच्या मेजावरच घेतला, त्याच्या सेवकानें चुलीकडे पाठ फिरविणें बरें नव्हे.

आरंभींच एक गोष्ट सांगून टाकूं. आपल्या धर्मांत अन्नाचा विटाळ नाहीं. मुखांत जाणाऱ्या पदार्थानें मनुष्य भ्रष्ट होत नाहीं, अंतःकरणांतून निघणाऱ्या दुष्टपणानें होतो, अशी प्रभूची शिकवण आहे. आणि याफो येथें घराच्या धाब्यावर संत पेत्रास झालेलें दर्शन आपणांपैकीं बहुतेकांस ठाऊक आहे. परंतु आपली मोकळीक शेजाऱ्यास बोचतां कामा नये. आपले मुसलमान शेजारी, कोंकणांतील बेने इस्राएल बंधु व कित्येक हिंदु कुटुंबें हें मांस वर्ज्य मानितात. त्यांस पंक्तीस बोलवाल तेव्हां भांडीं व पळ्या वेगळ्या ठेवा आणि कोणत्या पदार्थांत काय आहे, तें न विचारतां आधींच सांगा. पाहुण्याचा विश्वास राखणें हीहि पाककलाच आहे.

आतां, हे पदार्थ आपल्या घरीं आले कसे? इ. स. १५३४ मध्यें वसई पोर्तुगीजांच्या हातीं गेली व १७३९ मध्यें चिमाजी अप्पांच्या फौजेनें ती जिंकून घेतली. सत्ता गेली, परंतु चुलीवरचे कांहीं शब्द मागें राहिले. पोर्तुगीज भाषेंत द्राक्षासवाला ‘विन्यु’ व लसणीला ‘आल्यु’ म्हणतात. या दोहोंत मुरविलेलें मांस तें ‘विन्या द आल्युश’. आपल्या किनाऱ्यावर द्राक्षांचे मळे नव्हते, माड होते. म्हणून द्राक्षासवाच्या जागीं माडीचा शिरका आला. अमेरिकेंतून त्याच लोकांनीं आणलेली मिरची व आपल्याकडचें आलें, जिरें, मिरीं, लवंग, दालचिनी हीं त्यांत मिळालीं. गोव्यांत त्याचें विंदालू झालें, उत्तर कोंकणांतील ख्रिस्ती घरांत इंद्याल झालें. पुढें हॉटेलवाल्यांनीं नांवांत ‘आलू’ ऐकला व भांड्यांत बटाटे घातले! मूळ शब्दांत बटाटा नाहीं, लसूण आहे. तसेंच आपलें सोरपोतेल हें पोर्तुगालांतील सारापातेल या पदार्थाचें गोत्रज होय.

या सर्वांच्या मुळाशीं एकच अडचण होती. बर्फ नाहीं, हवा उष्ण आणि जनावर मोठें. एका घरानें तें एका दिवसांत संपवावें, हें शक्य नव्हतें. मग मनुष्यानें मिठाचा व आंबटाचा आश्रय केला. मीठ मांसांतील पाणी ओढून घेतें, शिरका जंतूंस वाढूं देत नाहीं आणि वर थिजलेला चरबीचा थर हवा अडवितो. युरोपांत मागच्या मांडीस मीठ लावून मुरविलें, त्याचें हॅम झालें. पोटाच्या किंवा पाठीच्या मांसास तसेंच केलें, त्याचें बेकन झालें. गोव्यांत मीठ, शिरका व मिरची लावलेले तुकडे आंतड्यांत भरून वाळविले, त्यांचें चोरीस झालें. सोरपोतेलांत तर काळीज, हृदय व रक्तसुद्धां वांयां जाऊं दिलें नाहीं. देवाच्या दानांतील कण टाकावयाचा नाहीं व एकट्यानें खावयाचें नाहीं, हे दोन धडे या स्वयंपाकांत आहेत.

येथें आम्हांस स्वतःविषयीं थोडें बोलूं द्या. आम्ही सेमिनरींत असतां नाताळानंतरच्या भेटीच्या रविवारीं आमच्या मातोश्री चिनी मातीच्या बरणींत इंद्याल घेऊन येत. तोंडाला फडकें घट्ट बांधलेलें असे. ती बरणी आम्ही मित्रांसह फस्त करीत असूं व रिकामी बरणी पुढच्या भेटीस परत देत असूं. त्यांत काय किती घातलें, हें आम्हीं एकदांहि विचारलें नाहीं. मातोश्रींस देवाज्ञा झाली, त्यानंतरच्या पहिल्या नाताळास आम्ही सर्व भावंडें घरीं जमलों व तसेंच इंद्याल करूं म्हणून बसलों. कागदावर कांहींच लिहिलेलें नव्हतें. बहीण म्हणाली, मसाला मीं वाटीत असें. तिला मिरच्यांची संख्या व शिरक्यांतच वाटण्याची रीत आठवली, पाण्याचा थेंब घालावयाचा नाहीं हेंहि आठवलें. थोरल्या बंधूस फोडींचा आकार व चरबी किती ठेवावयाची तें आठवलें. धाकटा शिरका आणावयास जात असे. त्याला बाटलीचें माप आठवलें. मग सर्वांनीं आम्हांकडे पाहिलें. आम्हांस कांहींच आठवेना. कारण आम्ही केवळ जेवलों होतों.

त्या दिवशीं शिजलेलें इंद्याल मातोश्रींच्या हातचें नव्हतें, परंतु त्याच्या जवळचें होतें. आम्हांस मात्र तेव्हां कळलें कीं, ती कृति एकट्या आईच्या डोक्यांत नव्हती. जितके हात त्या भांड्यास लागले तितक्यांत ती वांटलेली होती. ज्या घरांत एकच हात राबतो व बाकीचे ताटावर येऊन बसतात, त्या घरांत त्या एका हाताबरोबर सर्वच जातें.

हल्लीं दुकानांत कापून बांधलेलें हॅम व बेकन मिळतें. त्यास आम्ही नांवें ठेवीत नाहीं. नोकरीवरून थकून आलेल्या माउलीस त्याचा आधार होतो. परंतु एकानें सातला दोन पट्ट्या तळाव्या, दुसऱ्यानें नऊला, व तिसऱ्यानें आपल्या खोलींत पावाबरोबर थंडच खावें, यास कुटुंबाचें जेवण म्हणावें काय? त्याच पाकिटाचें भांडें होऊं शकतें. बेकनचे बारीक तुकडे थंड तव्यांत घालून मंद आंचेवर ठेवावे. चरबी आपोआप सुटते. तींत कांदा, बटाटे व कोबी परतावा, वरून मिरीं घालावीं. मीठ शेवटीं चाखूनच घालावें, कारण बेकनमध्यें तें आधींच असतें. शंभर ग्राम बेकन पांच माणसांच्या भाजीस रुचि आणतें. खारें हॅम अख्खें आणल्यास प्रथम कांहीं तास पाण्यांत भिजवून तें पाणी टाकावें, मग मंद उकळावें. उरलेलें हाड चवळींत किंवा डाळींत शिजवावें. अशा रीतीनें मांस थोडें लागतें व पंक्ति मोठी होते.

मांस थोडें असावें, यास दुसरेंहि कारण आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें २०१५ मध्यें हॅम, बेकन, सॉसेज अशा टिकविलेल्या मांसास कर्करोग उत्पन्न करणाऱ्या पदार्थांत गणिलें; रोज ५० ग्राम खाण्यानें मोठ्या आंतड्याच्या कर्करोगाचा संभव सुमारें १८ टक्क्यांनीं वाढतो, असें तिनें सांगितलें. म्हणून हें रोजचें अन्न नव्हे. तसेंच ताजें मांस स्वच्छ गोठ्यांतील व तपासलेल्या जनावराचेंच घ्यावें व आंतपर्यंत पूर्ण शिजवावें. अर्धकच्च्या मांसांतून पट्टकृमि पोटांत जातो आणि त्याचीं अंडीं अस्वच्छ हातांवाटे अन्नांत गेलीं, तर मेंदूंत गांठी होऊन झटके येऊं शकतात. सोरपोतेल तिसऱ्या दिवशीं अधिक रुचकर लागतें हें खरें. परंतु आतां घरोघरीं शीतपेटी आहे, तेव्हां तें तींत ठेवावें व लागेल तितकेंच काढून चांगलें उकळावें. पूर्वज शिरक्यावर विसंबले, कारण त्यांस दुसरा उपाय नव्हता.

बंधुभगिनींनो, महोत्सवाप्रीत्यर्थ आपण देवळास रंग दिला, घंटेचा दोर बदलला, पताका लाविल्या. आम्ही आपणांपाशीं आणखी एक देणगी मागतों, आणि तिला पैसा लागत नाहीं. नाताळापूर्वीं एका रविवारीं मिस्सानंतर घरांतील सर्वांनीं चुलीपाशीं जमावें. मुलग्यांनींहि जमावें; लसूण सोलल्यानें कोणाचा पुरुषार्थ कमी होत नाहीं. आजी हयात असेल तर तिला खुर्चीवर बसवा, तिच्या मुठीनें मसाला मोजूं द्या व ती मूठ वाटींत ओतून किती भरते तें नातवंडांच्या अक्षरांत लिहून ठेवा. आणि भांडें उतरल्यावर पहिली वाटी घराबाहेर जावी: एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्याकडे, आजाऱ्याकडे, किंवा ज्या भावाशीं बांधावरून बोलणें बंद झालें आहे त्याच्याकडे. त्या वाटीबरोबर भाषण पाठवूं नका. वाटी परत येईल तेव्हां ती रिकामी येत नाहीं, हा आपल्या गांवांचा जुना रिवाज आहे. देवानें आमच्या डोळ्यांदेखत या धर्मग्रामांत त्याचा प्रत्यय आणून द्यावा.

आमच्या मातोश्रींची ती बरणी आमच्या खोलींत आहे. पुष्कळ वर्षें ती रिकामीच होती. गेल्या नाताळास बहिणीनें ती मागून नेली, व भरून परत पाठविली. यंदा ती भरतेवेळीं आम्ही जातीनें लसूण सोलावयास जाणार आहों.

परमेश्वर आपल्या चुलींस, आपल्या हातांस व आपल्या पंक्तीस आशीर्वाद देवो.